जर्मन शिकण्यासाठी नोकरी सोडावी लागते का?

जर्मनीत कामासाठी जाऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांमध्ये दोन समज घट्ट बसलेले दिसतात. पहिला असा की तिथे इंग्रजीवर भागतं, भाषेसाठी वेळ घालवायची गरज नाही. दुसरा याच्या बरोबर उलट: जर्मन इतकी कठीण आहे की नोकरी करता करता ती येणं शक्यच नाही, म्हणून राजीनामा द्यावा, चार-सहा महिने रात्रंदिवस अभ्यास करावा आणि परीक्षा देऊन मोकळं व्हावं. दोन्हींमुळे माणसांचं खरोखरचं नुकसान होतं, वर्षं आणि पैसे वाया जातात. म्हणून नियम काय सांगतात आणि भाषा शिकण्याची प्रक्रिया कशी चालते, हे दोन्ही नीट पाहायला हवं.

इंग्रजीचा समज अगदी निराधार नाही, म्हणूनच तो टिकतो. पदवीधरांना मिळणाऱ्या ब्लू कार्डच्या व्हिसासाठी जर्मन भाषेची अट नाही. आयटीतल्या अनुभवी लोकांना पदवी नसली तरी येता येतं, आणि त्यांच्यासाठी असलेली जर्मनची अट मार्च २०२४ मध्ये काढून टाकली गेली. पण हे झालं आत शिरण्यापुरतं. कायमच्या वास्तव्याचा परवाना ब्लू कार्डधारकाला ए१ या सर्वांत खालच्या पातळीच्या जर्मनवर (पुढे ए२, बी१, बी२, सी१ अशा पातळ्या चढत जातात) २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. इतर कुशल कामगारांना तीन वर्षं थांबावं लागतं आणि बी१ लागतंच. नागरिकत्वासाठीही बी१ हवं. परिचारिकेला आपली पात्रता पूर्णपणे मान्य करून घ्यायची तर साधारणपणे बी२ लागतं. डॉक्टरला त्याच्यावर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि ती सी१च्या तोलाची असते. थोडक्यात, आयटी आणि काही मोठ्या कंपन्या सोडल्या तर भाषेची अट टळत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते.

आता राजीनाम्याचं. जून २०२४ मध्ये जर्मनीने ऑपॉर्च्युनिटी कार्ड सुरू केलं. हातात नोकरी नसताना तिथे जाऊन ती शोधण्यासाठी एक वर्षापर्यंत राहू देणारा हा परवाना आहे. ज्यांची पात्रता जर्मनीत पूर्ण मान्य झालेली नाही, त्यांना निदान ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी दाखवून वर सहा गुण मिळवावे लागतात. गेल्या पाच वर्षांत आपल्या शिक्षणाशी जुळणारा दोन वर्षांचा अनुभव असेल तर दोन गुण, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा असेल तर तीन. वय पस्तिशीच्या आत असेल तर दोन. जर्मन ए२ असेल तर एक, बी१ला दोन, बी२ला तीन. एखाद्या तिशीच्या इंजिनिअरचा हिशेब मांडून पाहा: वयाचे दोन, दोन वर्षांच्या अनुभवाचे दोन, बी१चे दोन, झाले सहा. त्याच इंजिनिअरने दीड वर्षातच नोकरी सोडून पूर्णवेळ जर्मनचा क्लास लावला आणि जिद्दीने बी२ गाठलं, तरी या निकषांवर भाषेचे तीन आणि वयाचे दोन मिळून पाचच. राजीनामा देऊन तो अनुभवाचे गुण घालवतो, आणि पगारही. या कार्डासाठी उदरनिर्वाहाची सोय दाखवावी लागते. २०२५ मध्ये ती रक्कम महिन्याला १,०९१ युरो होती, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांहून जास्त. ही शिल्लक पगारातूनच उभी राहते.

यावर आक्षेप येतो तो योग्यच आहे: हिशेब ठीक, पण दिवसभर कामाने पिळून निघालेल्या माणसाच्या डोक्यात संध्याकाळी भाषा शिरते का? इथे थोडं आकड्यांकडे आणि थोडं स्मरणशक्तीकडे बघावं लागेल. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार शून्यापासून बी१पर्यंत ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. म्हणजे साधारण २६० ते ४९० तास. रोज एक तास दिला तर नुसत्या तासिकाच नऊ ते सोळा महिने चालतात. गृहपाठ धरला की दीड वर्ष हाताशी ठेवावं. तीन महिन्यांत बी१ची हमी देणाऱ्या जाहिराती या गणितासमोर टिकत नाहीत. आणि हे तास एकगठ्ठा देण्यापेक्षा विखरून देणं जास्त फायद्याचं, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करताना तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांनी जे साधलं, ते एकाच दिवशी करायचं तर ६८ उजळण्या लागत होत्या. अंतर ठेवून केलेला अभ्यास अधिक टिकतो, याला नंतरच्या संशोधनाने वारंवार दुजोरा दिला आहे. तेव्हा नोकरीमुळे अभ्यासाचे तुकडे पडतात ही तक्रार खरी असली, तरी ते तुकडे नेमाने पडत असतील तर भाषेच्या दृष्टीने तोटा नाही. तोटा होतो तो आठवडाभर पुस्तक न उघडता रविवारी सहा तास बसण्यात. शिवाय मराठी भाषकाला एक जमेची बाजू आहे: तीन लिंगं आणि वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद या गोष्टी त्याला नव्या नाहीत. कुठल्या शब्दाचं लिंग कोणतं हे मात्र पाठच करावं लागतं, त्याला उपाय नाही.

परीक्षेची रचनाही नोकरदाराच्या सोयीची आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. गोएथेच्या बी१ परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात, प्रत्येकात ६० टक्के लागतात, आणि ते वेगवेगळ्या वेळी देता येतात. एका भागात नापास झालं म्हणून सगळं पुन्हा द्यावं लागत नाही. मात्र प्रमाणपत्र मिळालं की भाषा आली, असंही समजू नये. बाडेन-वुर्टेंबर्गमधल्या वर्कशॉपमध्ये कानावर पडणारी श्वाबियन बोली वर्गातल्या ध्वनिफितीसारखी नसते.

खरा अडसर रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा आणि नोकरीबरोबर घरकामाचा भार वाहणाऱ्या बाईचा आहे. त्यांना रोजचा एक तास काढायला सांगणं सोपं आहे, मिळवून देणं कठीण. आणि तो त्यांनी एकटीने झोपेतून काढावा ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. इथे जबाबदारी त्यांना जर्मनीत नेणाऱ्यांची आहे. मार्च २०२४ पासून जर्मनीत एक नवी वाट खुली आहे: ए२ पातळीवर तिथे जायचं, काम सुरू करायचं आणि पात्रतेची मान्यता मालकाच्या सहकार्याने तिथेच पूर्ण करायची. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यातही जर्मन शिकवण्याची सोय सरकारने करायची कल्पना आहे. अशा कोणत्याही वाटेने जाताना कागदावर सही करण्याआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात: भाषेचे तास ड्युटीच्या वेळेत धरले जाणार का, क्लासची आणि परीक्षेची फी कोण भरणार, बी२ ठरल्या मुदतीत झालं नाही तर पुढे काय, आणि मध्येच काम सोडलं तर फी परत मागितली जाईल का.