भैरवीची वेळ

मैफल रंगलेली असते. गवई क्षणभर थांबतो, तानपुऱ्यांच्या झंकारात कोमल ऋषभ लागतो आणि श्रोत्यांतून एक हलका सुस्कारा उमटतो. भैरवी! कोणी काही जाहीर केलेले नसते. पण आता उठायचे, हे सर्वांना उमगते.

शास्त्राप्रमाणे भैरवी हा प्रातःकालचा राग. पूर्वी मैफली रात्रभर चालत, उजाडता उजाडता तिची वेळ आपोआप येई. इ. स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून उघड्यावरचे ध्वनिक्षेपक सर्वसाधारणपणे रात्री दहाला बंद होतात. तरी सांगता भैरवीनेच होते. ऋषभ, गांधार, धैवत, निषाद हे चारही स्वर तिच्यात कोमल. शिवाय ठुमरी-भजन गाताना जाणते कलावंत उरलेले शुद्ध-तीव्र स्वरही मोकळेपणाने घेतात. बाराही स्वर असे ओंजळीतून वाहून गेल्यावर गायकाने हातचे राखायचे काय? भैरवीनंतर दुसरा राग जमत नाही म्हणतात, त्याचे मर्म मला यात दिसते. आमच्यातले काही रसिक मात्र भैरवीचा पहिला स्वर लागताच चपला शोधू लागतात, याला काय म्हणावे!

निरोपाच्या सुरांतून कधी गाऱ्हाणेही मांडता येते. हंगेरीतील एस्टरहाझी सरदारांच्या पदरी हायडन हा संगीतकार होता. १७७२ साली सरदारांचा ग्रामीण प्रासादातील मुक्काम लांबला आणि वादक बायकामुलांच्या भेटीसाठी कासावीस झाले. हायडनने नव्या सिंफनीचा शेवट असा रचला, की एकेका वादकाने आपला भाग संपताच मेणबत्ती विझवून निघून जावे. अखेरीस दोनच व्हायोलिने मंद स्वरात उरली. धनी काय ते समजले आणि मंडळी घरी परतली, अशी कथा सांगतात.

आपल्याकडचा एक शेवट मला याहून हृद्य वाटतो. धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळचे सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुढच्याच वर्षी पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. थोरामोठ्यांची गाणी-वादने झाल्यावर अखेरीस तेथे सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावण्याचा प्रघात पडला. शिष्यांनी, प्रशिष्यांनी गाऊन घ्यावे आणि श्रोत्यांना निरोप गुरूंनी द्यावा!

निदान त्या वेळी तरी चपला शोधू नयेत.