एकशे साठावा क्रमांक

खेळाडूची थोरवी आपण बहुधा चषकांवरून मोजतो. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर ज्याचे छायाचित्र चषकासह झळकते तो मोठा, आणि ज्याचे नाव बारीक टाइपातील निकालांत एका ओळीपुरते येते तो सामान्य, असा आपला सरळ हिशेब असतो. स्त्रियांच्या व्यावसायिक टेनिसच्या बाबतीत मात्र हा हिशेब पुष्कळदा फसवा ठरतो. त्या बारीक टाइपात पंधरा वर्षांच्या परिश्रमांची एक संपूर्ण कारकीर्द दडलेली असू शकते. अशाच एका कारकीर्दीविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. १९९३ साली अहमदाबादेत एका काश्मिरी कुटुंबात जन्मलेली आणि किशोरवयातच पुण्यास येऊन पी. वाय. सी. हिंदू जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली तयार झालेली अंकिता रैना ही ती खेळाडू होय.

प्रथम या व्यवसायाची थोडी पूर्वपीठिका पाहू. मराठी माणसाला टेनिस काही अगदी परके नाही. संस्कृत लेखिका पंडिता क्षमाबाई राव यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. तो मान मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. पण त्या काळी हा खेळ हौशी मंडळींचा होता. खेळावर पोट भरणे कमीपणाचे मानले जाई, आणि मोठ्या स्पर्धांची दारे व्यावसायिकांना बंद असत. ती १९६८ साली उघडली. तरीही स्त्रियांच्या वाट्याला उपेक्षाच आली. १९७० साली अमेरिकेतील एका स्पर्धेत पुरुष विजेत्यास १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेतीस १,५०० डॉलर असे बक्षीस ठरले, तेव्हा बिली जीन किंग आणि तिच्या आठ सहकारी यांनी वेगळी वाट धरली. ह्यूस्टन येथे नाममात्र एका डॉलरचा करार करून त्यांनी स्वतंत्र स्पर्धा आरंभिल्या. १९७३ मध्ये स्त्री-खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपनने स्त्री-पुरुषांस समान बक्षीस दिले. विम्बल्डनला तेवढ्यासाठी २००७ साल उजाडावे लागले. म्हणजे हा व्यवसाय आपल्या एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडला आहे.

आता या व्यवसायाची रचना कशी असते ते समजून घेतले पाहिजे. आम्हां सरकारी नोकरांना ज्येष्ठता-यादीची चांगली ओळख असते. त्या यादीत एकदा नाव चढले की ते वर्षागणिक आपोआप वर सरकते. आजारपण, रजा, बदली यांमुळे सहसा ते खाली येत नाही. टेनिसची जागतिक क्रमवारी नेमकी याच्या उलट वृत्तीची आहे. खेळाडूने स्पर्धेत मिळविलेले गुण बावन्न आठवडे टिकतात आणि मग गळून पडतात. गेल्या वर्षी या आठवड्यात जी स्पर्धा जिंकली, तिचे गुण या वर्षी तेवढेच पुन्हा मिळविले नाहीत तर क्रमांक घसरतो. खेळाडू घरी स्वस्थ बसली तरी ती जागच्या जागी राहत नाही. सामान्यतः दर सोमवारी नवी यादी निघते आणि दर सोमवारी जणू नव्याने नेमणूक होते.

या शिडीच्या तळाशी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या लहान स्पर्धा असतात. त्यांतील सर्वांत खालच्या पायरीवरची स्पर्धा एकूण पंधरा हजार डॉलर बक्षिसाची असते, आणि वरच्या पायऱ्यांवर ही रक्कम वाढत जाते. पंधरा हजार डॉलर ऐकताना मोठे वाटतात. पण ती रक्कम एका खेळाडूची नसून सगळ्या खेळाडूंत वाटावयाची असते. पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलीच्या हाती जे पडते, त्यातून आठवड्याचा निवासखर्चही भागणे कठीण. विमानभाडे, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा, दुखऱ्या खांद्यावरील उपचार हे सारे वेगळेच. पुन्हा पुष्कळशा स्पर्धा युरोप-अमेरिकेत. तेथील मुलगी आगगाडीने स्पर्धेला जाऊन घरी परतते; आपल्या मुलीला मात्र व्हिसा, तिकीट आणि परमुलखातील महिना-दीड महिन्याचा मुक्काम यांचा हिशेब आधी मांडावा लागतो.

शिडीवर एक रेषा आहे, आणि सारे अर्थकारण त्या रेषेभोवती फिरते. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार महास्पर्धांच्या एकेरीत १२८ स्त्रिया खेळतात. त्यांपैकी साधारण १०४ जणींना क्रमवारीच्या जोरावर सरळ प्रवेश मिळतो. आठ जागा आयोजकांच्या निमंत्रणाच्या. उरलेल्या सोळा जागांसाठी आणखी १२८ जणी पात्रता फेरीत झुंजतात. ओळीने तीन सामने जिंकले तरच मुख्य स्पर्धेचे दार उघडते. रेषेच्या वर असणाऱ्या खेळाडूला पहिल्याच फेरीत हरूनही वर्षभराचा बराचसा खर्च निघेल एवढे मानधन मिळते. रेषेखाली चाळीस-पन्नास क्रमांकांवर असलेल्या खेळाडूचे कौशल्य काही फार उणे नसते. तिची मिळकत मात्र कितीतरी उणी असते.

अंकिता रैनाची कारकीर्द या रेषेच्या अगदी निकट घडली. २०१२ च्या सुमारास तिने शिडीच्या तळाकडील स्पर्धांत विजेतेपदे मिळविण्यास आरंभ केला. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत तिने एकेरीचे आणि दिविज शरणसह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. जगातील पहिल्या दोनशे स्त्रियांत तिचा प्रवेश झाला तो २०१८ च्या एप्रिलमध्ये. तळापासून तेथवर येण्यास तिला सुमारे सहा वर्षे लागली. त्याच वर्षी दिल्लीत फेडरेशन चषकाच्या लढतीत तिने कझाकस्तानच्या युलिया पुतिनत्सेवाला हरविले. पुतिनत्सेवाचा क्रमांक तेव्हा ८१ होता. पुढे इंडोनेशियातील आशियाई स्पर्धांत तिने एकेरीचे कांस्यपदक जिंकले. २०१९ मध्ये चीनमधील एका स्पर्धेत तिने २०११ ची अमेरिकन ओपन विजेती समंथा स्टोसर हिच्यावर मात केली. आणि २०२० च्या मार्चमध्ये ती एकशे साठाव्या क्रमांकावर पोहोचली. एकेरीतील हेच तिचे सर्वोच्च स्थान. त्याच महिन्यात जगभर महामारीचा फेरा आला, स्पर्धा बंद पडल्या आणि चढण मध्येच थांबली.

२०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनसाठी पात्रता फेरी दुबईत झाली. अंकिताने दोन सामने जिंकले. तिसऱ्यात सर्बियाच्या ओल्गा डॅनिलोविचने तिला तीन सेटमध्ये हरविले. महास्पर्धेच्या एकेरीचे दार एका सामन्याने दूर राहिले. पण तिने हात टेकले नाहीत. मेलबर्नला ती दुहेरीत उतरली, आणि त्याच फेब्रुवारीत तेथे फिलिप आयलंड ट्रॉफीचे दुहेरीचे विजेतेपद रशियाच्या कामिला राखिमोवासह पटकावून दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या शंभरांत आली. दुहेरी ही एकेरीची धाकटी बहीण असे आपण मानतो. तिच्यात बक्षीस कमी हे खरे. पण पायांवरचा ताण कमी, नेटजवळची चलाखी आणि अनुभव यांची किंमत अधिक, आणि म्हणून कारकीर्द लांबविण्याचे ते मोठे साधन आहे. सानिया मिर्झाचे उदाहरण सर्वांपुढे आहे. २००७ मध्ये एकेरीत २७ व्या क्रमांकापर्यंत गेलेल्या सानियाने दुखापतींनंतर दुहेरीचा मार्ग धरला, २०१५ मध्ये ती जगात पहिली झाली, आणि २०२३ पर्यंत खेळत राहिली. टोकियो ऑलिंपिकमध्ये अंकिता आणि सानिया या दोघी एकत्र उतरल्या. पहिला सेट त्यांनी ६-० असा जिंकला, पण सामना युक्रेनच्या किचेनोक भगिनींनी नेला. त्या वर्षी अंकिताला अर्जुन पुरस्कार मिळाला.

घरच्या स्पर्धांचे महत्त्व येथे सांगितले पाहिजे. २०१७ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर एक एकोणीस वर्षांची बेलारूसी मुलगी विजेती ठरली. तिचे नाव अरीना सबालेंका; पुढे ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली. परदेशची मुलगी आपल्या दारच्या पायरीवरून वर चढते, मग आपल्या मुलींना ती पायरी किती मोलाची असेल ! मी राहतो त्या बंगळूरच्या शिवाजीनगरापासून कब्बन पार्क फारसे दूर नाही. त्या उद्यानातील टेनिस स्टेडियममध्ये २०२५ च्या नोव्हेंबरात बिली जीन किंग चषकाची प्लेऑफ लढत झाली. फेडरेशन चषकाचेच हे नवे नाव. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीत भारतीय मुलींनी हा टप्पा गाठला होता. बंगळुरात नेदरलँड्स आणि स्लोव्हेनिया यांच्यापुढे भारताची चढण खुंटली. परंतु संघातील नावे पाहण्यासारखी होती. सहजा यमलापल्ली, श्रीवल्ली भमिदिपाती या नव्या मुली एकेरीसाठी. आणि त्यांच्या पाठीशी बत्तीस वर्षांची अंकिता व बार्शीची प्रार्थना ठोंबरे. प्रार्थनाने २०१४ मध्ये सानियासह आशियाई कांस्यपदक मिळविले होते आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिक गाठले होते. २०२३ साली हांगचौ येथे रोहन बोपण्णासह आशियाई सुवर्णपदक जिंकणारी ऋतुजा भोसले हीही मराठीच.

एकशे साठावा क्रमांक ही संख्या ऐकताना लहान वाटते. पण जगातील सर्व देशांच्या, सर्व सुविधांनी युक्त अशा मुलींच्या स्पर्धेत, बावन्न आठवड्यांनी विरून जाणाऱ्या गुणांच्या आधारे, वर्षानुवर्षे पहिल्या दोन-तीनशेंत तग धरणे हे कोणत्याही व्यवसायातील उच्च कोटीचे कर्तृत्व होय. ज्या पालकांच्या मुली आज हाती रॅकेट घेत आहेत, त्यांनी चषकाबरोबर हा हिशेबही समजून घ्यावा. मुलगी विम्बल्डनला खेळेल का, हा प्रश्न दहाव्या वर्षी विचारून उत्तर मिळत नाही. प्रवास, पराभव आणि दर सोमवारची नवी यादी यांसह हा व्यवसाय तिला आवडेल का, हा प्रश्न मात्र वेळीच विचारता येतो. आणि तिने होकार दिला, तर तिला घराजवळ खेळावयास पुरेशा स्पर्धा मिळाव्यात, ही जबाबदारी तिची नसून आपणा सर्वांची आहे.