चढणीचे मासे, चढलेला बोजा

कर्जतला गाडी थांबते. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या बहुतेक एक्सप्रेस गाड्या इथे क्षणभर दम खातात. तेवढ्यात मागून जादा इंजिनं येऊन डब्यांना भिडतात, हलका धक्का बसतो आणि बोरघाटाची चढण सुरू होते. ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तो बांधताना हजारो मजूर साथींनी आणि अपघातांनी गेले. आजही पुढच्या इंजिनाला एकट्याला तो चढ झेपत नाही, मागून रेटा लागतो. आणि एवढ्या कष्टाने घाट चढणारी ही गाडी रेल्वेच्या लेखी ‘डाऊन’ असते. पुण्याहून घाट उतरत येते, ती ‘अप’.

लहानपणी मी बाबांना याचं कारण विचारलं होतं. ते म्हणाले, विलायतेत लंडनकडे जाणारी गाडी अप; इथे रेल्वे आली तेव्हा मुंबई हेच कंपनीचं ठाणं, म्हणून मुंबईकडे जाणारी ती अप. म्हणजे ‘अप’ या शब्दाचा डोंगराशी संबंध नव्हता, दरबाराशी होता. तेव्हा मला हे फार विचित्र वाटलं. पुढे आपल्याच ‘चढणे’ या क्रियापदाकडे नीट पाहायला लागलो आणि लक्षात आलं, की तेही डोंगरापुरतं कधीच नव्हतं.

बाबांच्याच आजारपणातली गोष्ट. पलंगाशेजारच्या दांडीला पिशवी उंच टांगलेली, नळीतून थेंब एकेक करून खाली येत होते, आणि नर्स सांगत होती, “अजून एक पिशवी चढवायची आहे.” मीही आईला फोनवर तेच सांगितलं, रक्त चढवतायत. डोळ्यांसमोर थेंब उतरत होते आणि तोंडातून मात्र चढवण्याची भाषा येत होती. त्यात मला किंवा आईला काही चुकलंसं वाटलं नाही.

तबल्याचंही असंच. बैठकीआधी तबलजी हातोडी घेऊन बसतो. तबला चढवायचा, म्हणजे सूर उंच करायचा, तर गजऱ्यावर ठोका वरून खाली मारायचा, नाहीतर वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली सरकवायचे. कातडं ताणलं जातं आणि सूर वर जातो. उतरवायचा असेल तर ठोका खालून वर. हात जातो एका दिशेला, सूर दुसऱ्या. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं आणि तबला कोणी हात न लावता उतरतो. हलगीवाले जाळावर हलगी शेकतात ती त्याचसाठी, शेकली की ती चढते. कबड्डीचं मैदान तर सपाट असतं. तरीही समोरच्या सात जणांच्या अंगणात एकट्याने दम धरून शिरणं याला आपण चढाई म्हणतो.

या सगळ्यांत समान काय? उंची नाही. काहीतरी येऊन बसतं, भरतं, ताणतं, पकड घेतं. मला वाटतं, मराठीतल्या चढण्याचा जीव या पकडीत आहे. डोंगर हे तिचं एक उदाहरण, सगळ्यांत जुनं असेल, पण एकच.

व्याकरणही याची साक्ष देतं. ‘मी पोळी खाल्ली’ म्हणताना क्रियापद पोळीच्या मागे जातं. पण गडी ‘मी टेकडी चढलो’ म्हणतो आणि बाई ‘मी टेकडी चढले’ म्हणते. ‘मी टेकडी चढली’ असं कोणी म्हणत नाही. टेकडी होती तिथेच राहते, जो दमला त्याच्याच मागे क्रियापद चालतं. आता दुसरी वाक्यं पाहा. मला ताप चढला. त्याला दारू चढली. पोराला माज चढला. लोखंडाला गंज चढला. इथे चढणारा ताप आहे, दारू आहे, गंज आहे आणि माणूस ‘ला’ लावून बाजूला उभा. तो चढत नाही, त्याच्यावर चढलं जातं. एकाच क्रियापदात आपण कधी गिर्यारोहक असतो आणि कधी डोंगर. तापाने फणफणलेल्या माणसाला ‘मला ताप चढलाय’ म्हणताना नेमकं हेच जाणवत असतं, की कोणीतरी आत शिरून वरवर सरकतंय आणि आपण नुसते पडून आहोत.

शब्द जुना आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ लिहिलं. त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृताचं व्याकरण आहे. संस्कृत ‘आरुह्’ला प्राकृतात दोन पर्याय आहेत असं ते सांगतात: ‘चड’ आणि ‘वलग्ग’. पहिल्यापासून आपलं चढणं आलं. दुसराही मराठीत नांदला. ज्ञानेश्वरीत ‘वळघणे’ म्हणजे चढणेच. पुढे तो मागे पडला आणि आज शहरी मराठी माणसाला तो कोशातच सापडेल.

पण कोकणातल्या ओढ्यांवर तो अजून जिवंत आहे, असं मला वाटतं. पहिले जोराचे पाऊस झाले, की तिथले व्हाळ गढूळ होऊन भरून वाहू लागतात. मग नदीतले मासे पाण्याच्या उलट निघतात. दगडांवरून उड्या घेत, पाटांतून वाट काढत, थेट भाताच्या खाचरांत शिरतात. तिथल्या उथळ, निवांत पाण्यात त्यांना अंडी घालायची असतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात आणि रायगड-पालघरकडे ‘वलगणीचे मासे’. हेमचंद्रांनी शेजारी शेजारी ठेवलेले दोन शब्द नऊशे वर्षांनी एकाच माशाची दोन नावं होऊन कोकणच्या पावसात भेटतात. हा योगायोग असेल हे मला पटत नाही. वलगण म्हणजे चढण; कोळणीच्या तोंडी प्राकृत टिकून आहे.

हे मासे गाभोळीने भरलेले असतात, म्हणून त्यांची चव मोठी आणि म्हणूनच त्यांच्यावर संकटही मोठं. पूर्वी माणसं हातात बत्ती घेऊन जात, घरापुरते चार मासे धरत. आता सबंध व्हाळाला जाळं आडवं लावलं जातं. चढणारा प्रत्येक मासा अंडी घालण्याआधीच अडकतो. तो वर पोहोचला नाही, तर पिल्लं खाली नदीत उतरणार कुठून? याचा मला राग येतो आणि तो या लेखात लपवावा असं वाटत नाही. ज्या गावात वलगण बंद होईल, तिथे ‘वलगण’ हा शब्दही कोणी कशाला उच्चारेल?

चढलेलं पुढे जातं कसं, हे पाहिलं की या क्रियापदाचे थर आणखी स्पष्ट होतात. ताप चढतो आणि उतरतो. दारू उतरते, विष उतरतं, पारा उतरतो, आणि या सगळ्यांची उतरण आपोआप नाहीतर औषधाने होते. माज मात्र आपोआप उतरत नाही, तो कोणीतरी उतरवावा लागतो. दिवस चढतो, पण उतरत नाही, तो कलतो. मेंदीचा रंग चढतो आणि फिका पडतो. गंज चढला की घासून काढायचा; ‘गंज उतरला’ असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. भाव चढतात तेव्हा नुसते चढतात, पण पडताना त्यांना उतरणं, घसरणं, कोसळणं असे तीन शब्द लागतात. कांदा विकून आलेल्या शेतकऱ्याला या तिघांतला फरक कोणी समजावून सांगायला नको. बोहल्यावर माणूस चढतो आणि तिथून उतरतोही, पण भाषेने त्याचा उल्लेख कधी केला नाही. फासावर चढलेल्याचं तर बोलायलाच नको.

आणि कर्ज. ते डोक्यावर चढतं, त्याच्यावर व्याज चढतं, पण ते उतरतं असं सहसा म्हणत नाहीत. कर्ज फेडावं लागतं. जमिनीवर कर्ज काढलं की त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात होते आणि गावात म्हणतात, सातबाऱ्यावर बोजा चढला. कागद तेवढाच पातळ असतो, पण ज्याचं नाव त्यावर आहे त्याला तो जड लागतो. शेतकरी कर्जमाफी मागतो तेव्हा त्याच्या घोषणेत ‘माफी’पेक्षा ‘सातबारा कोरा करा’ हे शब्द मोठ्याने येतात, त्याचं कारण हेच. त्याला तो रकाना रिकामा दिसायला हवा असतो.

आमच्या काकांनी विहिरीसाठी कर्ज घेतलं होतं. बोजा चढायला आठवडा लागला नव्हता. हप्ते फेडायला अकरा वर्षं लागली. शेवटचा हप्ता भरून ते बेबाकीचा दाखला घेऊन आले, देवापुढे ठेवला, काकूंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. दोन वर्षांनी चुलतभावाच्या वाटणीसाठी सातबारा काढला, तेव्हा ‘इतर हक्क’मध्ये ती नोंद तशीच होती. दाखला कचेरीत नेऊन फेरफार करून घ्यावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. काका चष्मा काढून बराच वेळ तो उतारा बघत राहिले. मग मला म्हणाले, “फिटलंय रे बाळा, पण उतरलं नाहीये.”