फरसबंदीच्या खालचं अंगण

घराभोवती : लेखांक ८

गेल्या आठवड्यात कुंपण आणि फाटक झालं. आज त्यांच्या आतली जमीन. भिवंडीतल्या टेमघरहून एका वाचकांनी विचारलं आहे : "मुलाकडे टोरंटोला घरापुढची फरसबंदी पाहिली. इतके हिवाळे बर्फाखाली काढूनही ती जागची हललेली नाही. आमच्या अंगणातले पेव्हर ब्लॉक मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात खचले. माल वाईट होता की गवंडी?"

बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. पैसे वर दिसणाऱ्या वस्तूवर खर्च होतात आणि अंगण बिघडतं ते तिच्या खाली. टोरंटोतल्या कारागिराला हे सांगावं लागत नाही, कारण तिथली थंडी चूक पहिल्याच वर्षी उघडी पाडते.

थंड मुलखात नेमकं काय होतं ते आधी पाहू. पाणी गोठलं की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि म्हणून जमीन फुगते, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं. दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९-३० च्या सुमारास या समजाची परीक्षा घेतली. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन घातलं. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली. याचा अर्थ असा की, गोठणारा थर खालचं द्रव स्वतःकडे ओढून घेत राहतो आणि बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. जमीन उचलली जाते ती मुख्यतः या ओढलेल्या पाण्यामुळे. वसंतात बर्फ वितळला की त्याच जागी चिखल होतो आणि फरशी खाली बसते. बारीक कणांची माती असं पाणी ओढते, भरड खडी ओढत नाही. म्हणून तिथे फरशीखालची माती काढून त्या जागी खडी भरतात आणि खडीतलं पाणी बाहेर पडायला वाट ठेवतात. टोरंटोत जमीन साधारण सव्वा मीटर खोलवर गोठू शकते. भिंतीचा पाया तेवढा खाली नेतात, फरसबंदी नेत नाहीत. तिच्यासाठी खडीचा थर पुरतो, कारण सुटे ब्लॉक थोडे वर-खाली झाले तरी तुटत नाहीत. अखंड काँक्रीटला मात्र तडा जातो.

आपल्याकडे जमीन गोठत नाही. महाराष्ट्रात फार तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. पण बर्फ वजा केला तरी पाणी उरतंच, आणि तेही तिपटीने. टोरंटोत पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला ८०० ते ८५० मिलिमीटर पाणी पडतं, बारा महिन्यांत विभागून. ठाणे जिल्ह्यात साधारण २,५०० मिलिमीटर पडतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

आता टेमघर. (मुळशीतलं धरणाचं टेमघर वेगळं, शोधताना गफलत होते.) भिवंडीचं टेमघर कल्याणच्या बाजूला आहे. 'स्टेम' या पाणीपुरवठा संस्थेच्या नावातला 'टेम' तो हाच. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी इथल्या केंद्रात शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरकडे जातं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यातही टेमघर स्थानक आहे. या पट्ट्यात आज इमारती, चाळी, यंत्रमाग आणि गोदामं दिसतात. त्याआधी इथे भातशेती होती, आणि अंगणाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

भातखाचराची जमीन नैसर्गिकरीत्या पाणी धरते, एवढंच नाही. ती माणसाने तशी घडवलेली असते. दर वर्षी चिखलणी करायची ती कशासाठी? लावणीसाठी माती मऊ व्हावी म्हणून, आणि पाणी खाली मुरू नये म्हणूनही. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी होऊन वरच्या मातीखाली एक घट्ट, जवळजवळ पाणबंद थर तयार झालेला असतो. त्या खाचरावर मुरूम, राबिट, मिळेल तो भराव टाकून आपण घर बांधतो आणि अंगणातलं पाणी जमिनीत जिरेल अशी अपेक्षा करतो. ते भरावातून झिरपून खाचराच्या थरावर येतं आणि तिथेच बसून राहतं. वरचा भराव भिजून मऊ होतो. त्यावरून स्कूटर गेली, तागे घेऊन येणारा टेम्पो मागे आला, की चाकाखाली पेव्हर दबतो. चिकणमाती भिजून फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणजे टोरंटोत गोठण्या-वितळण्याने जे होतं, तेच इथे भिजण्या-सुकण्याने होतं, फक्त सावकाश.

म्हणून भराव ताजा असेल तर फरसबंदी लगेच करू नका. एक पावसाळा जाऊ द्या. सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून घातलेला भराव वेगळा आणि डंपरने ओतून वरून सपाट केलेला वेगळा. दुसरा बसणारच. तो फरशीआधी बसलेला बरा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. ५०० चौरस फुटांच्या अंगणावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरांहून जास्त पाणी जमतं. असे दिवस पावसाळ्यात येतातच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. तेवढा पाऊस या अंगणावर पडला असता तर दहा हजार लिटरचे चार टँकर भरून वर उरला असता. छपराच्या पन्हाळीतून पडणारं पाणी यात धरलेलंच नाही.

हे पाणी ढाळानेच जायला हवं. घरापासून बाहेरच्या दिशेने, दहा फुटांना अडीच इंच. ऐकताना हा ढाळ फार वाटतो. खुर्ची कलेल, रांगोळी तिरकी दिसेल, अशी शंका घरातले काढतात. अडीच इंच डोळ्यांना जाणवत नाहीत, पाण्याला जाणवतात. गवंड्याने 'अंदाजाने देतो' म्हटलं तर ऐकू नका. पाण्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी आणि दोरी लावून चारही कोपऱ्यांच्या खुणा भिंतीवर करून घ्या.

खरी अडचण फाटकापाशी असते. आपल्या गावांत रस्त्याचं डांबर असो की काँक्रीट, नवा थर जुन्यावरच चढतो. दहा-पंधरा वर्षांत रस्ता अंगणाच्या वर जातो आणि अंगणाची बशी होते. मग घरमालकही अंगण उचलतो. जुन्या फरशीवर भर, त्यावर नवी फरशी. रस्ता आणि अंगण यांच्या या चढाओढीत हरतं ते जोतं. दीड फुटाचं जोतं बघता बघता अर्ध्या फुटावर येतं, भिंती ओल धरतात आणि खापर प्लास्टरवर फुटतं. माझं मत ठाम आहे : जोत्याची किमान सहा इंच उंची अंगणाच्या वर उघडी राहिलीच पाहिजे. ती राहत नसेल तर जुना थर उखडा. मजुरी लागेल, राबिट उचलायचा खर्च होईल, तरी उखडा.

रस्ता वरच असेल तर ढाळ फाटकाकडे देऊन उपयोग नाही, उलट रस्त्याचं पाणी आत येईल. अशा वेळी फाटकाच्या आत आडवी नाली काढायची, वर लोखंडी जाळी टाकायची आणि नाली बाजूने गटाराला जोडायची. जोडण्याआधी गटाराचा तळ नालीहून खाली आहे का, ते पाहा. हे विसरलं तर गटारच अंगणात उलटतं. शोषखड्ड्याचा सल्ला हल्ली सरसकट दिला जातो. मुरमाड जमिनीत तो उत्तम काम करतो. पण भरावाखाली खाचर असलेल्या जमिनीत तो जुलैपर्यंत काठोकाठ भरतो. इथे तो जून आणि ऑक्टोबरच्या सरींपुरता कामाचा, आणि ओसंडणाऱ्या पाण्याला वाट ठेवली असेल तरच.

आता थर, खालून वर. आधी माती सात-आठ इंच काढा आणि तळालाही तोच ढाळ द्या. तळ चिकणमातीचा असेल तर त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरा, म्हणजे चिखल खडीत वर येत नाही. (मागांच्या गावात हे न विणलेलं कापड!) त्यावर सहा इंच खडी, दोन थरांत, प्रत्येक थर मशीनने दाबून. ५०० चौरस फुटांना सहा इंच म्हणजे अडीच ब्रास, दाबताना बसेल ते धरून तीन ब्रास मागवा. खडीवर जेमतेम इंचभर कच, तीही भरड. पिठासारखी बारीक कच पाणी धरून ठेवते. फसवणूक इथेच होते. खडी कमी घालायची आणि तीन-चार इंच कच पसरून सगळं समतल दाखवायचं. पहिल्या दिवशी फरक कळत नाही, पहिल्या पावसाळ्यानंतर मात्र तीच कच वाहून गेलेली असते. खाडीची रेती स्वस्त मिळाली तरी नको. तिच्यातलं मीठ पेव्हरवर पांढरं फुटतं. थंड देशांत बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ काँक्रीटचे पापुद्रे काढतं, आपण ते विकत कशाला आणायचं?

चारही बाजूंना काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब हवाच. कड सुटली की आतले ब्लॉक हळूहळू सरकतात आणि सांधे उघडे पडतात.

दगडाचा विषय यानंतर येतो, आणि तो सोपा आहे. पेव्हरसाठी भारतीय मानक १५६५८ आहे. घरापुढे माणसं, स्कूटर, मोटार असतील तर ६० मिलिमीटर जाडीचा एम-३५ पुरतो. मालाचे टेम्पो येणार असतील तर ८० मिलिमीटरचा एम-४० घ्या. रंग शेवटी बघा. शहाबादी फरशी जुनी आणि भरवशाची, पण गुळगुळीत केलेली नको. कोटा पॉलिश केलेला असेल तर तो घराच्या आत. शेवाळ धरलेल्या पॉलिश कोट्यावर पाय सटकला की थेट हाडांच्या डॉक्टरकडे जावं लागतं. कडाप्पा एप्रिलच्या उन्हात अनवाणी पायाला चटका देतो. जांभा रत्नागिरी-सिंधुदुर्गात शोभतो आणि तिथे तो जवळ मिळतो. इथे वाहतूक भरून आणण्यात अर्थ नाही. आपला काळा दगड मात्र हाताशी आहे. तालुक्यातल्या खाणींत तो खडीसाठी फोडला जातो. घडाईची मजुरी जड जाते, म्हणून सगळं अंगण नव्हे, पण दारापुढची पायरी आणि तुळशीवृंदावनाभोवतीचा चौक तरी टाकीच्या काळ्या दगडाचा करावा, असं मी सुचवेन. तो झिजत नाही आणि खरबरीत असल्याने पाय घसरत नाही.

आणि सगळं अंगण बांधू नका. गाडीची वाट आणि बसायची जागा एवढंच फरसबंद केलं तर बाकीच्या जमिनीत तुळस, तगर, अबोली राहते, पाण्याला थोडी उसंत मिळते आणि एप्रिल-मेच्या दुपारी घर कमी तापतं. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी सोडा. दिल्लीत झाडांभोवतीचं काँक्रीट तेवढं मागे घ्यायचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये द्यावा लागला होता. आपण आदेशाची वाट पाहायला नको. जूनमध्ये सांध्यांतून टाकळा उगवला तर वैतागू नका. जागा स्वच्छ असेल तर कोवळा असताना खुडा आणि भाजी करा.

कामाचा हंगामही उलटा आहे. टोरंटोत हिवाळा संपल्यावर काम सुरू होतं, इथे पाऊस संपल्यावर. दसरा ते होळी हा काळ चांगला. मेच्या अखेरीस घाईने उरकलेल्या कामात कर्बच्या काँक्रीटला पुरतं पाणी मारलं जात नाही आणि ढाळ तपासायलाही वेळ मिळत नाही.

टेमघरच्या वाचकांना एवढंच सांगेन : ब्लॉक फेकू नका, ते पुन्हा बसवता येतात. आधी चार ब्लॉक उचलून खाली किती इंच खडी आहे ते मोजा. नव्या कामाचा दर घेताना चौरस फुटाच्या भावाबरोबर खडीची जाडी, कचेची जाडी आणि ढाळ हे तिन्ही आकडे कागदावर लिहून, त्यावर सही घ्या. पुढच्या आठवड्यात पन्हाळ आणि छपराचं पाणी.