न छापलेला आठ

राजारामपुरीच्या मेन रोडवरचं दुकान. काउंटरवरचा पोरगा चटणीच्या पुडीवर लाल उजेड मारतो, ‘टिक’ होतं, पडद्यावर किंमत उमटते. ती किंमत पुडीवरच्या पट्ट्यांत असते, असं पुष्कळांना वाटतं. नसते. तिथं असतो फक्त एक क्रमांक. ‘राजारामपुरी, आठवी गल्ली’ म्हटल्यावर घर सापडतं. आत आज तांबडा रस्सा आहे की पांढरा, ते कळत नाही. भाव असतो दुकानाच्या संगणकात.

स्कॅनरला आकडे वाचता येत नाहीत. लेसरचा ठिपका हलत्या आरशावरून इतक्या झपाट्यानं मागंपुढं फिरतो की आपल्याला रेघच दिसते. पांढऱ्यावरून उजेड परततो, काळ्यात मुरतो. त्या चढउतारावरून यंत्र पट्ट्यांची रुंदी ताडतं. एका आकड्याला ७ घरं. उजव्या अर्ध्यातलं शून्य म्हणजे तीन घरं काळी, दोन पांढरी, एक काळं, एक पांढरं. बघायचं ते रुंदीचं प्रमाण, म्हणून पुडी जरा जवळ-लांब धरली तरी बिघडत नाही. तांबड्या पुडीवर काळ्या पट्ट्या चालतात, पांढऱ्या पुडीवर तांबड्या मात्र नाहीत: लाल उजेडाला दोन्ही सारखेच उजळ दिसतात.

आता गंमत. खाली आकडे १३, पट्ट्या मात्र १२ आकड्यांच्याच. आपल्याकडच्या मालावर क्रमांक बहुधा ८९० नं सुरू होतो (माल भारतातच बनला, असा याचा अर्थ नाही, कंपनीनं क्रमांक भारतात घेतला, इतकंच). त्यातला ८ पट्ट्यांत कुठंच काढलेला नसतो. डाव्या सहा आकड्यांना लिहायची दोन-दोन वळणं आहेत. कुणी कुठलं वळण घेतलं, त्या क्रमावरून आठ ओळखायचा. १९७४ साली अमेरिकेत च्युइंगमच्या पाकिटावर पहिली ‘टिक’ झाली, तेव्हा आकडे १२च होते. युरोपनं तेरावा असा गुपचूप बसवला. मला तरी या पट्ट्यांतली सगळ्यांत बेरकी युक्ती हीच वाटते.

शेवटचा आकडा राखणदार. ८९०१२३४५६७८९ घ्या, आकड्यांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणून बेरीज करा: १३०. दहाच्या पटीला काहीच कमी नाही, म्हणून तेरावा ०. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला की हिशेब बसत नाही, आणि ‘टिक’ही होत नाही.

पुडी चुरगळलेली असली की पोरगा ती तळहातानं सरळ करतो, पुन्हा उजेड मारतो, शेवटी वैतागून क्रमांक हातानं टाइप करतो. त्या घाईत शेजारशेजारचे १ आणि ६ उलटे पडले, तर राखणदारही फसतो. बेरीज बरोबर दहानं हलते. तो चुकीचा क्रमांक दुकानाच्या यादीत असलाच, तर चटणीच्या जागी साबणाचं बिल निघतं.