ॲल्युमिनियमच्या होडीत घरच्या घरी फेरफार

अमेरिकेतील नद्या व तलावांवर सपाट तळाची, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची लहान होडी मासेमारीसाठी प्रचारात आहे. तिला ‘जॉन बोट’ म्हणतात. साधी होडी घेऊन तीत फळ्यांचा तक्ता, बैठक व पेट्या घरीच बसविण्याची तेथे रीत आहे. काम सोपे दिसते. परंतु त्यातील तीन चुका जिवावर बेतू शकतात.

पहिली चूक लाकडाची. कुजू नये म्हणून तांबेयुक्त द्रव्य मुरविलेले लाकूड ओले राहिले की ॲल्युमिनियमला खाऊ लागते व पत्र्यास छिद्रे पडतात. पितळी स्क्रूही तेच करतात. सबब, पाण्यात टिकणारे प्लायवूड सर्व बाजूंनी रोगण देऊन वापरावे व रिव्हेट ॲल्युमिनियमचेच घ्यावेत.

दुसरी चूक बाकाखालील फोम काढून टाकण्याची. होडीत पाणी भरले असता तोच तिला तरंगत ठेवतो. पाणी न शोषणारा १ घनफूट फोम सुमारे २७ किलो भार तोलतो. तो काढावाच लागला, तर तितकाच दोन्ही कडांस बसवावा.

तिसरी चूक उंचीची. तक्ता जितका उंच, तितका कलंडण्याचा धोका अधिक. २० फुटांहून लहान मोटारहोडीवर भारमर्यादेची पट्टी लावणे तेथे १९७२ पासून कारखानदारांस बंधनकारक आहे. नव्या सामानाचे वजन त्या मर्यादेतून वजा धरावे.

फेरफार केलेली होडी प्रथम उथळ पाण्यात, पूर्ण भार ठेवून व अंगात जीवरक्षक जाकीट घालूनच पारखावी.