बदामीची तांबडी घळ

बदामीस जाणारी मंडळी बहुधा चार लेणी पाहतात आणि परततात. अगस्त्यतीर्थाच्या उत्तरेची घळ राहूनच जाते. आम्ही मुलांना व सत्तरी उलटलेल्या मातोश्रींना घेऊन मुद्दाम तिकडे वळलो.

वस्तुसंग्रहालयाजवळून वाट निघते. दोन्ही अंगांना तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे, मध्ये अरुंद बोळ. ऊन वरच्या वर अडते. खाली गारवा आणि शांतता. पायऱ्या सावकाश चढल्यास दमछाक होत नाही. पहिल्या पुलकेशीने हा डोंगर शके ४६५, म्हणजे इ. स. ५४३ मध्ये तटबंदीने बळकट केल्याचा लेख येथील कातळावर आहे. १७८६ साली मराठे व निजाम यांच्या फौजांनी हा किल्ला टिपूकडून घेतला. शत्रूला अडचणीच्या अशा या बोळात मातोश्रींना मात्र दोन्ही हातांशी भिंतीचा आधार मिळाला!

वर शिवालय लागते. तेथून तळे आणि काठचे भूतनाथाचे देऊळ फार सुरेख दिसते.

सकाळी लवकर निघावे, पाणी बरोबर घ्यावे. वानरे धीट आहेत, तेव्हा मुलांचा खाऊ पिशवीत झाकलेला बरा. लेण्यांनंतर दोन तास राखून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना धर्मशाळेत बसवून जाण्याचे कारण नाही.